ग्रास ट्रिमर

ग्रास ट्रिमर हे वेगाने फिरणाऱ्या नायलॉनच्या दोरीने गवत व कोवळे तण कापणारे, हातात धरून चालवायचे यंत्र होय. लांब दांडा, त्याच्या एका टोकाला दोरीचे हेड आणि दुसऱ्या टोकाला किंवा हेडलगतच शक्ती पुरवणारे इंजिन अथवा मोटर, अशी त्याची सर्वसाधारण रचना असते. चाकांवर चालणारे लॉन मोव्हर जेथे पोहोचत नाही अशा भिंतीकडेच्या, कुंपणाखालच्या, झाडाच्या बुंध्याभोवतीच्या, बांधावरच्या व उताराच्या जागी त्याचा वापर होतो. दोरीऐवजी धातूचे पाते बसवता येणाऱ्या अधिक शक्तिशाली यंत्रास ब्रश कटर म्हणतात. महाराष्ट्रात व गोव्यात बोलण्यात हा भेद फारसा पाळला जात नाही. दोन्ही प्रकारांना ‘ग्रास कटर’ किंवा ‘गवत कापायचे मशीन’ असे म्हटले जाते.

ही यंत्रे मुख्यतः पेट्रोल इंजिनावर किंवा लिथियम-आयन बॅटरीवर चालतात. यांपैकी कोणते घ्यावे याचे उत्तर एकट्या अश्वशक्तीच्या आकड्यावरून मिळत नाही. सलग काम किती वेळ चालते, गवत कोणत्या प्रकारचे आहे, कामाच्या जागी वीज मिळते का आणि यंत्र दिवसभर कोणाच्या हातात राहणार आहे, या चार बाबींवर ते अवलंबून असते.

इतिहास

दोरीने गवत कापण्याची कल्पना अमेरिकेतील टेक्सास राज्यातील ह्यूस्टन येथील उद्योजक जॉर्ज बॅलस यांनी १९७१ साली प्रत्यक्षात आणली. मोटारगाडी धुण्याच्या यांत्रिक केंद्रात गोल फिरणारे ब्रश गाडीचा पृष्ठभाग न ओरखडता स्वच्छ करतात, हे पाहून झाडाच्या बुंध्याला इजा न करता भोवतीचे गवत काढणारे साधन बनवता येईल असे त्यांना सुचले. त्यांनी पत्र्याच्या डब्याला भोके पाडून त्यांत मासेमारीची नायलॉन दोरी ओवली आणि तो डबा हिरवळीच्या कडा कापण्याच्या यंत्राला जोडून फिरवला. यातून ‘वीड ईटर’ या नावाचे उत्पादन व त्याच नावाची कंपनी उभी राहिली. १९७७ मध्ये बॅलस यांनी ती एमर्सन इलेक्ट्रिक या कंपनीस विकली. बॅलस यांचे २०११ मध्ये निधन झाले.

सुरुवातीच्या काळात वायरवर चालणारे विद्युत ट्रिमर आणि दोन-स्ट्रोक पेट्रोल इंजिनाचे ट्रिमर असे दोनच पर्याय व्यवहार्य होते. निकेल-कॅडमियम बॅटरीवर चालणारी यंत्रे जड व अल्पशक्तीची असत. लिथियम-आयन बॅटरी १९९१ पासून व्यापारी स्वरूपात मिळू लागली आणि २००५ नंतर हातयंत्रांत रुळली. ब्रशविरहित मोटरींचीही तिला जोड मिळाली. त्यानंतर बॅटरीचा ट्रिमर घरगुती कामात पेट्रोलच्या यंत्राची जागा घेऊ शकेल अशा स्थितीत आला.

रचना व कार्य

ट्रिमरची दोरी मऊ असते; तिला धार नसते. ती कापते ती वेगामुळे. हेड फिरू लागले की केंद्रोत्सारी प्रवृत्तीमुळे दोरी ताठ होते आणि तिचे टोक गवताच्या काडीवर आदळून ती तोडते. हेडची गती मिनिटाला ६,००० फेरे आणि दोरीची लांबी केंद्रापासून २० सेंटिमीटर असेल, तर टोकाचा वेग सेकंदाला सुमारे १२५ मीटर, म्हणजे ताशी ४५० किलोमीटर इतका होतो. दोरी दगडावर किंवा भिंतीवर घासून झिजते. बहुतेक यंत्रांत हेड जमिनीवर हलकेच आपटल्यावर दोरीचा पुढचा भाग बाहेर येतो आणि संरक्षक कवचावरील छोटे पाते ती योग्य लांबीवर कापते.

दोरीचा व्यास साधारणतः १.३ ते ३.३ मिलिमीटर असतो. हिरवळीच्या कडांसाठी १.६ ते २ मिलिमीटरची, तर दाट व उंच गवतासाठी २.४ मिलिमीटर किंवा त्याहून जाड दोरी वापरतात. यंत्राच्या क्षमतेपेक्षा जाड दोरी बसवल्यास गती घटते, कापणी नीट होत नाही आणि इंजिन किंवा मोटर तापते.

पेट्रोल यंत्रे

पेट्रोल ट्रिमरचे इंजिन सामान्यतः २० ते ५० घनसेंटिमीटर क्षमतेचे असते. दोन-स्ट्रोक इंजिन वजनाने हलके व रचनेने सोपे असते. त्याला वेगळी तेलटाकी नसल्यामुळे पेट्रोलमध्येच तेल मिसळावे लागते. मिश्रणाचे प्रमाण ५०:१ असल्यास एक लिटर पेट्रोलमध्ये २० मिलिलिटर, तर २५:१ असल्यास ४० मिलिलिटर तेल घालतात. तेल न मिसळता यंत्र चालवल्यास पिस्टन सिलिंडरमध्ये अडकून इंजिन निकामी होते. तेल जास्त झाल्यास धूर वाढतो आणि प्लग काळा पडतो.

चार-स्ट्रोक इंजिनात तेल स्वतंत्र असते आणि पेट्रोल जसेच्या तसे भरता येते. कोणत्याही कोनात वाकवले तरी चालणारी लहान चार-स्ट्रोक इंजिने उपलब्ध झाल्यावर ती ब्रश कटरमध्येही वापरली जाऊ लागली. २५ घनसेंटिमीटरचे असे इंजिन सुमारे एक अश्वशक्ती, तर ३५ घनसेंटिमीटरचे त्याहून थोडी अधिक शक्ती देते. भारतीय बाजारात इंजिन दांड्याच्या टोकाला असलेल्या यंत्रास ‘साईड पॅक’ आणि इंजिन पाठीवर घेण्याच्या यंत्रास ‘बॅक पॅक’ म्हणतात. उतारावर व बांधावर बॅक पॅक सोयीचे ठरते, कारण वजन खांद्यांवर विभागले जाते आणि हातात फक्त दांडा राहतो.

बॅटरी यंत्रे

बॅटरी ट्रिमरमध्ये १८ ते ८० व्होल्टच्या बॅटऱ्या वापरल्या जातात. वेष्टनावर छापलेला व्होल्टेजचा आकडा पूर्ण चार्ज असतानाचा कमाल आकडा असू शकतो. ‘२० व्होल्ट मॅक्स’ आणि ‘४० व्होल्ट मॅक्स’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बॅटऱ्यांचे प्रत्यक्ष सरासरी व्होल्टेज अनुक्रमे १८ व ३६ असते. बॅटरीत किती ऊर्जा आहे हे केवळ व्होल्टवरून कळत नाही. त्यासाठी व्होल्ट आणि अँपिअर-तास यांचा गुणाकार करून वॅट-तास काढावे लागतात. ३६ व्होल्ट व ४ अँपिअर-तासांच्या बॅटरीत १४४ वॅट-तास ऊर्जा असते. यंत्र सरासरी ४०० वॅट शक्ती घेत असेल, तर ती सुमारे २० मिनिटे पुरते. हलक्या कामात हा अवधी वाढतो, दाट गवतात घटतो.

विद्युत मोटर खटका दाबताच पूर्ण जोराने फिरते आणि सोडताच थांबते. पेट्रोल इंजिन मात्र दोन झुडपांमधल्या चालण्यातही मंद गतीने सुरूच राहते आणि इंधन जाळते. थांबत-थांबत कराव्या लागणाऱ्या कामात बॅटरीचा हा गुण तिच्या मर्यादित साठ्याची काही अंशी भरपाई करतो.

तुलना

ऊर्जा व कामाचा अवधी

एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ९ युनिट, म्हणजे ९,००० वॅट-तास ऊर्जा असते. लहान इंजिन त्यातील फार थोडा भाग फिरत्या शक्तीत बदलते. कार्यक्षमता १५ टक्के धरली तर १,३०० वॅट-तासांच्या आसपास प्रत्यक्ष काम मिळते. वरील १४४ वॅट-तासांच्या बॅटरीतून ८५ टक्के कार्यक्षमतेने सुमारे १२० वॅट-तास मिळतात. म्हणजेच निम्म्याहून अधिक ऊर्जा उष्णतेत जाऊनही एक लिटर पेट्रोल अशा सुमारे दहा बॅटऱ्यांच्या बरोबरीचे काम करते. इंधनटाकी एका मिनिटात भरता येते. बॅटरी भरण्यास चार्जरनुसार अर्धा तास ते काही तास लागतात. वीज नसलेल्या जागी दिवसभर चालणाऱ्या कामात पेट्रोल यंत्र टिकून आहे ते मुख्यतः या कारणामुळे.

अर्ध्या तासात संपणाऱ्या कामास हा फरक लागू होत नाही. बंगल्याभोवतीची जागा, गृहसंकुलातील लहान हिरवळ किंवा शाळेचे अंगण एका-दोन बॅटऱ्यांत होत असेल, तर टाकीतील उरलेली क्षमता वापरलीच जात नाही.

खर्च

खरेदीच्या वेळी साधारण सारख्या शक्तीच्या यंत्रांत बॅटरीचे यंत्र, अतिरिक्त बॅटरी व चार्जर धरून, बहुधा महाग पडते. चालवण्याचा खर्च मात्र उलट असतो. ४०० वॅटच्या यंत्रास तासाभराच्या कामासाठी साधारण अर्धा युनिट वीज लागते. मध्यम क्षमतेचे पेट्रोल इंजिन भारानुसार तासाला अर्धा ते एक लिटर इंधन घेते. शिवाय तेल, प्लग, एअर फिल्टर व कार्बोरेटरची दुरुस्ती यांचा खर्च येतो.

बॅटरी मात्र कायम टिकत नाही. काही शे ते सुमारे हजार चार्ज-चक्रांनंतर तिची क्षमता लक्षणीय घटते आणि ती बदलणे हा सर्वांत मोठा एकरकमी खर्च ठरतो. निरनिराळ्या कंपन्यांच्या बॅटऱ्या एकमेकींत बसत नसल्यामुळे पहिले यंत्र घेताना ग्राहक त्या कंपनीच्या पुढील यंत्रांशीही बांधला जातो. घरात त्याच बॅटरीवर चालणारे ड्रिल, करवत किंवा फवारणी पंप आधीच असतील तर हीच बाब फायद्याची ठरते. पेट्रोल यंत्राचे सुटे भाग व दुरुस्ती करणारा कारागीर तालुक्याच्या गावी मिळण्याची शक्यता अधिक असते.

आवाज व कंपने

पेट्रोल ट्रिमरचा आवाज चालवणाऱ्याच्या कानाशी अनेकदा ९५ डेसिबलच्या पुढे जातो. बॅटरी यंत्र त्याहून बरेच शांत असले तरी दोरीच्या फिरण्याचा आवाज राहतोच. अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षितता व आरोग्य संस्थेच्या शिफारशीनुसार ८५ डेसिबल आवाजात दिवसाला ८ तासांपेक्षा अधिक राहू नये आणि प्रत्येक ३ डेसिबल वाढीस ही मुदत निम्मी करावी. या हिशेबाने १०० डेसिबल आवाजातील सुरक्षित मुदत अवघी १५ मिनिटे होते. म्हणून पेट्रोल यंत्र चालवताना कर्णरक्षक वापरणे अनिवार्य मानले जाते. भारतात २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी क्षेत्रात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे.

इंजिनाची कंपने दांड्यावाटे हातात येतात. दीर्घकाळ अशी कंपने सोसल्यास बोटे बधिर होणे, थंडीत पांढरी पडणे व पकड कमजोर होणे अशी लक्षणे दिसतात. हा व्यावसायिक विकार मानला जातो. युरोपीय संघाच्या २००२ च्या निर्देशानुसार आठ तासांच्या कामाच्या सरासरीने हातावरील कंपनाची पातळी २.५ मीटर प्रति सेकंद वर्ग झाल्यास मालकाने उपाय योजावे लागतात आणि ५ ही कमाल मर्यादा आहे. बॅटरी यंत्रांत कंपने सहसा कमी असतात.

प्रदूषण

दोन-स्ट्रोक इंजिनात नवे इंधनमिश्रण आत येत असताना धूर बाहेर टाकणारे द्वारही उघडे असते. त्यामुळे इंधनाचा काही भाग न जळताच बाहेर पडतो. साध्या कार्बोरेटरच्या इंजिनांत हे प्रमाण चतुर्थांशाच्या घरात जाऊ शकते. हायड्रोकार्बन, कार्बन मोनॉक्साइड व तेलाचे सूक्ष्म कण चालवणाऱ्याच्या तोंडाजवळच सोडले जातात. चार-स्ट्रोक इंजिनात हा दोष बराच कमी असतो.

बॅटरी यंत्रातून वापराच्या जागी धूर निघत नाही; तथापि वीज कशापासून तयार होते हेही पाहावे लागते. एक लिटर पेट्रोल जळाल्यावर सुमारे २.३ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड निर्माण होतो. तेवढेच प्रत्यक्ष काम बॅटरीवर करण्यास, चार्जिंगमधील तूट धरून, पावणेदोन युनिटांच्या आसपास वीज लागते आणि ती संपूर्ण कोळशापासूनची असेल तर दीड किलोग्रॅमहून थोडा अधिक कार्बन डायऑक्साइड निघतो. महाराष्ट्राप्रमाणे जेथे विजेचा मोठा भाग कोळशावर निर्माण होतो तेथे हवामानाच्या दृष्टीने होणारा लाभ मर्यादित आहे. चालवणाऱ्याच्या फुप्फुसांना व शेजाऱ्यांना होणारा लाभ मात्र तत्काळ आणि मोठा असतो. दोरीच्या झिजेतून मातीत मिसळणारे प्लास्टिकचे कण दोन्ही प्रकारांत सारखेच राहतात.

नियमन

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने ऑक्टोबर २०२१ मध्ये लहान इंजिनांविषयी कायदा केला. त्यानुसार तेथील हवा संसाधन मंडळाने २०२४ च्या उत्पादन वर्षापासूनची ट्रिमर, लॉन मोव्हर, लीफ ब्लोअर यांसारखी नवी यंत्रे शून्य-उत्सर्जनाची असावीत असा नियम केला. लोकांजवळ आधीपासून असलेली पेट्रोल यंत्रे वापरण्यास बंदी घातलेली नाही. या नियमावर झालेल्या चर्चेत बागकाम हा व्यवसाय असलेल्या छोट्या ठेकेदारांचा प्रश्न पुढे आला. दिवसभराच्या कामासाठी अनेक बॅटऱ्या व चार्जिंगची सोय करण्याचा भार त्यांच्यावर पडतो, तर धूर व आवाजाचा त्रासही त्यांच्याच कामगारांना सर्वाधिक होतो.

भारतात वापरून निकामी झालेल्या बॅटऱ्यांना बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ लागू आहेत. त्यांनुसार अशा बॅटऱ्या गोळा करून त्यांच्या पुनर्चक्रणाची जबाबदारी उत्पादकांवर आहे.

कोकण व गोव्यातील वापर

कोकणात व गोव्यात पेट्रोल ब्रश कटर हे बागायतीतील नित्याचे साधन झाले आहे. पावसाळा संपताना आंबा व काजूच्या बागांत गवत कमरेपर्यंत वाढलेले असते. ते वेळेत न कापल्यास वाळून वणव्याचा धोका निर्माण होतो. काजूच्या बागेत बोंडे गळू लागण्यापूर्वी जमीन स्वच्छ असणे आवश्यक असते, अन्यथा गळलेली बी सापडत नाही. पूर्वी हे काम विळ्या-कोयत्याने होई. मजुरांची टंचाई वाढल्यानंतर ते यंत्राकडे आले. बागा घरापासून दूर, उतारावर आणि बहुधा वीजजोडणीविना असल्यामुळे येथे पेट्रोल यंत्राला आजही व्यवहार्य पर्याय थोडे आहेत. जांभ्या दगडाच्या जमिनीत दोरी लवकर झिजते, आणि पाते दगडावर आपटून तुकडा उडण्याचा धोका असतो.

घरगुती आवारात यंत्र विकत घेणारा आणि चालवणारा बहुधा एकच असतो. त्यामुळे आवाज व कंपने यांचा त्रास खरेदीच्या निर्णयात आपोआप मोजला जातो. बागायतीत व ठेक्याच्या कामात यंत्र मालकाचे आणि हात मजुराचे असतात. तेथे किंमत व इंधनखर्चाचाच हिशेब होऊन कानाचे व हाताचे नुकसान हिशेबाबाहेर राहण्याचा संभव असतो. पेट्रोल यंत्र अपरिहार्य असेल तेथे चार-स्ट्रोक इंजिन, चांगला खांदेपट्टा, कर्णरक्षक आणि दोन माणसांनी आळीपाळीने काम करणे यांमुळे ही हानी कमी करता येते.

भारतातील पेट्रोलमध्ये इथेनॉलचे प्रमाण वाढून २०२५ मध्ये २० टक्क्यांवर पोहोचले. लहान इंजिनांच्या अनेक पुस्तिकांत मात्र १० टक्क्यांपर्यंतच्या मिश्रणाचीच शिफारस आढळते. इथेनॉल हवेतील ओलावा शोषते. दमट हवेत साठवलेल्या इंधनात पाणी वेगळे होऊन खाली बसू शकते, तसेच जुन्या यंत्रांतील रबरी नळ्या व पडदे खराब होऊ शकतात. वर्षातून काही आठवडेच वापरल्या जाणाऱ्या यंत्रात ही अडचण अधिक जाणवते. त्यामुळे पुढच्या हंगामापर्यंत टाकीत पेट्रोल ठेवू नये.

निवडीचे निकष

• सलग काम अर्ध्या ते पाऊण तासाच्या आत संपत असेल, वीज जवळ असेल आणि गवत गुडघ्याखाली असेल, तर बॅटरी यंत्र पुरेसे होते. अशा कामास १८ ते ४० व्होल्टची श्रेणी चालते.
• एक-दोन तासांचे काम असल्यास ३६ व्होल्ट किंवा अधिक श्रेणीचे यंत्र व किमान दोन बॅटऱ्या लागतात; एक वापरात असताना दुसरी चार्ज करता येते.
• दिवसभराचे काम, कमरेइतके जून गवत, काटेरी झुडपे किंवा वीज नसलेली जागा असल्यास पातेजोडणीचे चार-स्ट्रोक पेट्रोल ब्रश कटर योग्य ठरते.
• रुग्णालय, शाळा, गृहसंकुल अशा शांतता आवश्यक असलेल्या जागी काम मोठे असले तरी बॅटरीचा विचार प्रथम केला जातो.
• यंत्र क्वचितच वापरायचे असल्यास बॅटरी यंत्र सोयीचे असते, कारण जुने पेट्रोल साचून कार्बोरेटर बंद पडण्याचा प्रश्न उद्भवत नाही.
• खरेदीपूर्वी यंत्र इंधनासह किंवा बॅटरीसह उचलून पाहावे. पुस्तिकेतील वजन पुष्कळदा त्यांशिवायचे असते.

सुरक्षितता

ट्रिमर व ब्रश कटरमुळे होणाऱ्या दुखापतींत उडालेल्या दगडाने डोळ्यास होणारी इजा हा महत्त्वाचा प्रकार आहे. चालवताना जाळीची किंवा पारदर्शक मुखढाल, घोट्यावरचे बूट, जाड विजार व हातमोजे वापरतात. इतर माणसे व जनावरे किमान १५ मीटर दूर असावीत. कापणीपूर्वी जागेतील दगड, तार व काच वेचून घ्यावी. संरक्षक कवच काढून यंत्र चालवू नये. दोरीच्या हेडमध्ये धातूची तार किंवा साखळी कधीही वापरू नये. ती तुटल्यास तुकडा प्राणघातक वेगाने उडतो. धातूचे पाते खोडावर किंवा दगडावर अडखळल्यास दांडा जोराने बाजूस फेकला जातो, म्हणून खांदेपट्ट्याशिवाय पाते वापरत नाहीत.

पेट्रोल इंजिन गार झाल्यावरच इंधन भरावे. वाळलेल्या गवतावर तापलेले इंजिन ठेवल्यास आग लागू शकते. बॅटरी यंत्राची दोरी बदलताना किंवा अडकलेले गवत काढताना बॅटरी आधी बाहेर काढावी, कारण चुकून खटका दाबला गेल्यास हेड तत्क्षणी फिरू लागते.

निगा

पेट्रोल यंत्राचा एअर फिल्टर नियमित साफ करतात, प्लग तपासतात आणि दांड्याच्या टोकाच्या गिअर पेटीत ग्रीस भरतात. हंगामाच्या अखेरीस टाकी रिकामी करून, कार्बोरेटरमधील इंधन संपून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत ते चालवतात.

लिथियम-आयन बॅटरी दीर्घकाळ ठेवायची असल्यास ती पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी न ठेवता निम्म्याच्या आसपास चार्ज करून, कोरड्या व थंड जागी ठेवतात. काम संपताच तापलेली बॅटरी लगेच चार्जरला लावू नये. उन्हात उभ्या असलेल्या वाहनात ती राहिल्यास तिचे आयुष्य घटते. फुगलेली, तडकलेली किंवा पाण्यात बुडालेली बॅटरी पुन्हा वापरू नये व घरगुती कचऱ्यात टाकू नये. ती विक्रेत्याकडे किंवा अधिकृत संकलन केंद्रात जमा करावी.